दोन ठोके, एक ठोका

माझ्या भावोजींना आमच्या आवारात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना अलगदराव म्हणतात. टेम्पोतून लोकांचे संसार एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचे, हा त्यांचा धंदा. आरशाची कपाटं, काचेची टेबलं, कुणाच्या आजीची बरणी, सगळं त्यांच्या हातून गेलं, पण कपाचा कान तुटल्याचं कधी ऐकलं नाही. ओझं खाली टेकवताना स्वतःशीच "अलगद, अलगद" म्हणायची त्यांना सवय आहे. तिथून हे नाव पडलं.

गाडीही तशीच चालवतात. रस्त्यात कासव आडवं आलं तर भावोजी त्याला "तुम्ही पुढे व्हा" म्हणतील, असं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. मी फटकळ माणूस. आवाराच्या तोंडाशी माझं टायरचं दुकान आहे, दिवसभर हवा भरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हवा काढतो. भावोजी नुसते हसतात. माझ्या ताईला असा नवरा मिळाला हे तिचं नशीब, आणि मला असा भावोजी मिळाला की ज्याच्याशी भांडणच होत नाही, हे माझं.

आमचं आवार म्हणजे एक अरुंद बोळ. एका बाजूला वेल्डिंगची दोन दुकानं, शेवटी भिंत, आणि भिंतीला लागून ताईच्या दोन खोल्या. सकाळी गाडी सरळ बाहेर काढता यावी म्हणून भावोजी रोज संध्याकाळी टेम्पो उलटा आत घेतात, पाठ भिंतीकडे. वेल्डिंगवाल्यांच्या ग्राइंडरपुढे माणसाचा आवाज काय पोचणार? म्हणून ताई बाहेर येऊन भिंतीच्या कोपऱ्यात उभी राहायची आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर तळहाताने ठोके द्यायची. दोन ठोके म्हणजे येऊ दे. एक ठोका म्हणजे थांब. ही काही आमच्या घरची रीत नव्हे, गाडीवाले सगळेच असं करतात. पण भावोजींचा त्या ठोक्यांवर एवढा विश्वास, की घरी गाडी लावताना ते आरशात बघायचेही नाहीत. दोन ऐकले की मागे, एक ऐकला की ब्रेक. नवरा बायकोचं इतकं ऐकतो, हे मी जन्मात फक्त तिथेच पाहिलं.

त्यांची मुलगी भिंगरी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची म्हणून भिंगरी. हे ठोक्यांचं काम ती रोज दारातून बघायची.

त्या संध्याकाळी टेम्पोचा आवाज आला तशी ताई दाराबाहेर आली. तेवढ्यात तिला आठवलं की बादलीवरचा नळ चालूच राहिला. ती आत वळली. नळ बंद करून यायला असा कितीसा वेळ लागतो? तेवढ्या वेळात भिंगरी बाहेर गेली, टेम्पोच्या मागे उभी राहिली, आणि आईचं काम तिने केलं. फाळक्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. पोचत होता तो नंबरप्लेटपर्यंत, आणि नंबरप्लेट असते बरोबर मधोमध. तिने त्या प्लेटवर दोन ठोके दिले.

भावोजींनी गाडी मागे घेतली.

मी दुकानात होतो. ग्राइंडरच्या आवाजातूनही ताईची किंकाळी मला ऐकू आली, यावरून काय ते समजा. हातातला पाना टाकून धावलो. टेम्पो गचका खाऊन बंद पडलेला, भावोजी आत दोन्ही हातांनी चाक धरून बसलेले. मागे गेलो तर ताई जमिनीवर बसलेली. आणि भिंत आणि नंबरप्लेट यांच्या मधल्या फटीत भिंगरी उभी. पाठ भिंतीला, नाक प्लेटपासून जेमतेम चार बोटांवर. त्या फटीत मोठ्या माणसाची मांडीसुद्धा शिरली नसती. "इकडे ये," मी कसंबसं म्हटलं. ती आडवी आडवी चालत खेकड्यासारखी बाहेर आली. फ्रॉकला डागही नव्हता. मी देवभोळा माणूस नाही, पण त्या फटीकडे बघताना माझे हात आपोआप जोडले गेले.

भावोजी खाली उतरले, मागे आले, मुलीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. लगेच तिला छातीशी घेतलं आणि तिथेच मटकन बसले. ताईनेही तिला गदागदा हलवून बजावलं, "पुन्हा तिथे गेलीस तर बघ!" आणि मग घरात एक अलिखित कायदाच झाला, की या गोष्टीबद्दल बोलायचं नाही.

आवार मात्र बोलत होतं. बोलण्यावर कुठे जकात आहे? वेल्डिंगवाला म्हणाला, गाडी जुनी आहे, आपोआप बंद पडली म्हणून पोरगी वाचली. समोरची म्हातारी म्हणाली, आईची किंकाळी, दुसरं काय. कोणी म्हणालं पुण्याई, कोणी म्हणालं योगायोग. काहीजण तर खास ती फट बघायला आले आणि हाताने मापून गेले. त्यांना मी माझ्या पद्धतीने वाटेला लावलं.

घरात निराळंच चाललं होतं. इतर नवराबायको अशा वेळी एकमेकांवर ढकलतात. ही दोघं दोष एकमेकांच्या हातातून ओढून घेत होती. "नळ रे, नळ बंद करायला गेले होते," ताई मला दहादा सांगायची, जणू नळाचा खटला माझ्यासमोर चालू आहे. भावोजी म्हणायचे, "तिचं काय चुकलं? मागे गाडी मी घेतली." ताईने भिंगरीचा हात सोडणंच बंद केलं. भाजी चिरायची तरी एक पाय पोरीच्या फ्रॉकवर ठेवून. आणि भावोजींनी तिला हात लावणंच सोडलं. ती जवळ आली की ते उठून काहीतरी काम काढायचे. लोकांच्या काचा ज्या हातांत बिनघोर राहिल्या, त्या हातांचा त्यांना स्वतःलाच भरवसा उरला नव्हता. मला ते बघवत नव्हतं.

टेम्पो त्यांनी बाहेर मोठ्या रस्त्यावर लावायला सुरुवात केली. निघताना खाली वाकून बघायचे, बसायचे, पुन्हा उतरून बघायचे. जिथे गाडी मागे घ्यावी लागेल ते काम घ्यायचे नाहीत. सामान हलवायच्या धंद्यात असं काम कुठलं? शेवटी घरीच बसले.

एकदा माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "मला एकच सांग. माझा पाय ब्रेकवर का गेला?"

"म्हणजे?"

"हिची किंकाळी मला ऐकूच आली नाही. गाडी आपोआप बंद पडली नाही, मी ब्रेक दाबला म्हणून बंद पडली. भिंत अजून लांब आहे असंच मला वाटत होतं. मग मी ब्रेक का दाबला?"

"देवाने दाबला म्हणा आणि कामाला लागा," मी म्हटलं.

"आणि पुढच्या वेळी तो दुसरीकडे कामात असला तर?" ते हसत नव्हते. "का थांबलो तेच मला माहीत नाही, तर पुन्हा थांबेन कशावरून? असा माणूस गाडी चालवायला लायक नाही. विकून टाकतो. दुसऱ्याच्या गाडीत ओझी उचलेन."

एवढ्या दिवसांत एका माणसाला कोणीच काही विचारलं नव्हतं, आणि ते माणूस तीन फुटांचं होतं म्हणून आमच्या ते ध्यानातही आलं नाही.

गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं त्या दिवशी ताईला औषध आणायला जावं लागलं. शंभर सूचना देऊन तिने भिंगरीला माझ्या दुकानात टायरच्या ढिगावर बसवलं. भिंगरी हल्ली बसवलं तिथे बसायची. तेवढ्यात एक पाण्याचा टँकर मागचं चाक दाखवायला आला. मी भिंतीशी उभा राहून दोन ठोके दिले, मग एक दिला. टँकर आणखी जरा मागे येऊन माझा रिकामा डबा चेपवून थांबला.

"मामा, तू उशीर केलास," ढिगावरून आवाज आला. "एक ठोका आधी द्यायचा असतो. बाबाला थांबायला वेळ नको का? मी बरोबर दिला होता."

मी वळलो. "कधी दिला होतास?"

"तेव्हा." तिने खाली बघितलं. त्या गोष्टीबद्दल बोलायचं नाही हे तिला माहीत होतं.

टँकरवाल्याला तसाच सोडून मी तिला काखोटीला मारलं आणि रस्त्यावर गेलो. भावोजी गिऱ्हाइकासाठी टेम्पो पुसत होते.

"यांना सांग," मी म्हटलं. "मला सांगितलंस ते."

खाली ठेवताच ती माझ्या पायाआड सरकली. भावोजींनी फडकं खाली ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "सांग बाळा. रागावणार नाही."

"मी आधी दोन दिले," भिंगरी म्हणाली. "मग तू आलास. मग मी मागे मागे गेले. मग माझी पाठ भिंतीला लागली. मग मी एक दिला." तिने तळहात उघडून दाखवला. "मग तू थांबलास."

"तू एक दिलास?"

"थांबायचा एकच असतो ना."

अंगावर काटा येतो म्हणजे काय, ते मला त्या भर दुपारी कळलं. अंगावर टेम्पो चालून येतोय, मागे जायला जागा नाही, आणि हे एवढंसं पोर ओरडलं नाही, पळालं नाही. बाबाला सांगितलं की बाबा थांबतो, एवढं तिला ठाऊक होतं. तिने सांगितलं. आणि तो खरोखर थांबला! ग्राइंडरच्या त्या गदारोळात, त्या चिमुकल्या हाताचा पत्र्यावरचा तो एक ठोका, जो भावोजींना ऐकू आल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

भावोजी स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होते. "म्हणजे मी ऐकलं होतं," ते हळूच म्हणाले. "मी ऐकलं होतं रे."

"बाबा," भिंगरीने विचारलं, "मग माझं काय चुकलं?"

याचं उत्तर द्या बघू. चुकलं म्हणावं तर ते धडधडीत खोटं. नाही म्हणावं तर उद्या पोर पुन्हा टेम्पोमागे उभी. एव्हाना दुकान रिकामं बघून ताई धावत, धापा टाकत आली होती. मी तिला दोन शब्दांत सांगितलं. ती माझा दंड धरून उभी राहिली.

मग भावोजींनी मुलीला उचललं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच उचलत होते, आणि कसं उचललं ते मी सांगायला नको. तिला चालकाच्या जागेवर बसवलं. चावी खिशात टाकली.

"आता गाडी तुझी," ते म्हणाले. "मी मागे जातो. मी कुठे आहे ते आरशात बघून सांगायचं."

भिंगरीचा चेहरा फुलला. तिने दोन्ही हातांनी चाक धरलं. भावोजी मागे गेले आणि नंबरप्लेटसमोर, तिच्या उंचीएवढे होऊन, खाली बसले.

"सांग, कुठे आहे मी?"

तिने या आरशात पाहिलं. त्या आरशात पाहिलं. सीटवर उभी राहिली, मान बाहेर काढून पाहिलं. मागे वळून पाहिलं तर सामानाच्या हौद्याचा पत्रा. "आवाज येतोय, पण तू नाहीस," ती हसत म्हणाली. पुन्हा पाहिलं. आता हसत नव्हती. "बाबा? बाबा, बाहेर ये ना."

भावोजी हलले नाहीत. बोललेही नाहीत. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हात दाबून धरला होता.

"बाबा! तू दिसत नाहीयेस! बाबा, मला नको गाडी, तू ये!"

"अहो, पुरे," ताई म्हणाली.

ते उठले, पुढे आले. दार उघडताच भिंगरीने वरून त्यांच्या गळ्यात उडीच टाकली. "तू कुठेच नव्हतास," ती म्हणाली. "मी सगळीकडे बघितलं. तू कुठेच नव्हतास."

"तू एकदम बरोबर ठोका दिलास," भावोजी तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाले. "पण त्या दिवशी तूसुद्धा मला कुठेच दिसत नव्हतीस, बाळा."

भिंगरीने मान मागे घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. मग ती वळून टेम्पोच्या मागच्या बाजूकडे बघत राहिली. बराच वेळ. आणि मग तिने बाबाच्या मानेला असा विळखा घातला की ताईला तो दोन्ही हातांनी सोडवता येईना.