जाऊन राह्यला

चष्मा कपाळावर चढवायचा, समोरच्याकडे रोखून बघायचं आणि विचारायचं, "काऊन?" आमच्या मॅडमचं निम्मं अर्थशास्त्र 'का?' विचारणाऱ्या या एका वऱ्हाडी शब्दात होतं. त्या वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवायच्या. मी साताऱ्याहून आलेला, त्यांच्या सर्वेक्षणातला मदतनीस. विषय एकच, माणसं गाव सोडून का जातात.

फळ्यावर त्यांचं सूत्र असे. शहरातली मजुरी, गुणिले ती मिळण्याची शक्यता, वजा गावातली कमाई, वजा जाण्याचा खर्च. उत्तर शून्याच्या वर आलं की माणूस उठला म्हणून समजा. शेवटी मात्र त्या आणखी एक लिहीत, वजा 'म'.

"हा म कसला, मॅडम?"

"जाऊन पाह्यल्याशिवाय कळत नाई तो."

आंजी गावात पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. घरोघरी एकच उत्तर, "पोरगा पुण्याले जाऊन राह्यला." मी बिनधास्त 'कायमचा स्थलांतरित' असं लिहीत सुटलो. शेवटच्या घरी तो स्थलांतरित स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. मॅडमना हसू आवरेना. "अरे बाप्पा, जाऊन राह्यला म्हंजे जातो आहे! गेला कुठं?"

"तीन वर्सांपासून जाऊनच राह्यला," त्याची आई म्हणाली.

तुम्हीही अशी न निघणारी माणसं पाहिली असतील. मॅडम मात्र निघाल्या. त्या निवृत्त झाल्या आणि पुण्याच्या लेकीनं बोलावून घेतलं. तिथं नातू, लिफ्ट, शेजारी डॉक्टर. सूत्राचं उत्तर शून्याच्या कितीतरी वर.

"काऊन, मॅडम?" मी पहिल्यांदाच त्यांचा शब्द त्यांना विचारला. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं.

"गणितच जा म्हनते, बाबू," म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. बोरगाव मेघेतल्या त्यांच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "खिडक्या उघडत जाजो."

सहा महिन्यांनी फोन आला. "तो म सापडला रे. इथं नातवाले 'काऊन?' म्हटलं, तर त्याले 'कोण?' ऐकू येते, तो दाराकडं पाह्यते अन् म्हनते, 'आजी, कोणीच नाहीये.'" खूप हसल्या. मग म्हणाल्या, "मी येऊन राह्यली."

म्हणजे येते आहे, हे आता मला पक्कं कळतं. किती दिवसांसाठी, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी हट्टानं माझा जुना साताऱ्याचाच अर्थ घेतला, येऊन राहिली. आणि जाऊन घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.