जाहिदाभाभींची जर्मन सवत

गंमत ऐका. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी भोरातल्या एका लाकूडवाल्या व्यापाऱ्यानं एका गोऱ्या साहेबाची जुनी जर्मन मोटार विकत घेतली, आणि आमचे शेजारी मन्सूरभाई तिचे ड्रायव्हर झाले. घरातली चिंच घेऊन ते रोज तिचे पितळी दिवे घासायचे. त्यांच्या जाहिदाभाभींचा नुसता जळफळाट व्हायचा.

"माझ्या आमटीला चिंच न्हाई, आन् ती सवत बघा कशी लखलखतीय!"

एकदा मोटार विकत घ्यायला पुण्याचं गिऱ्हाईक मन्सूरभाईंच्या दारात आलं. मोटारीबरोबर ते मन्सूरभाईंनाही पुण्याला नेणार होतं. भाभी दारातनं म्हणाल्या, "न्या की! पर लई नखऱ्याची हाय. तेल घटाघटा पिती, कापूरहोळच्या रस्त्याला धापा टाकती. काही मोडलं की सामान जर्मनीहून बोटीनं यायचं. तोवर आमचे हे तिच्याखाली आडवे! मला नुसते पाय दिसतात."

गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं.

मन्सूरभाई चिडले, "अगं, गाडीची पार अब्रू घालवलीस!"

"मग? तुमी पुण्याला गेला असता, तर ते पायबी दिसले नसते," भाभी म्हणाल्या, आणि चिंचेचं मडकं उचलून त्यांनी माळ्यावर लपवलं.