जामसांवलीचा शनिवार

सुनेने शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला जावे, याला लोधीखेड्यातील कोणतेही सासर हरकत घेत नाही. माझ्या पुतणीच्या सासरच्यांनीही घेतली नाही. मी पांढुर्ण्याहून गाडी घेऊन तिला आणायला जाई आणि देवळाआधी आम्ही सौंसरच्या सरकारी दवाखान्यात थांबत असू. गुप्तरोगांचा विभाग शनिवारी चाले. व्हरांड्यातल्या निम्म्या बायकांच्या पिशवीत नारळ असे.

तिचा नवरा संत्र्याच्या ट्रकांबरोबर सतत बाहेर. औषधाने तिचा स्राव आणि ओटीपोटातले दुखणे ओसरे. तो घरी येऊन गेला की पुन्हा उलटे. तपासणीला तो कधीच आला नाही. म्हणून तिथल्या समुपदेशक बाईंनी बजावले होते की बरे वाटले तरी येत राहा. दुखणे मुरले तर मूल होणे कठीण. सौंसरचे खासगी डॉक्टर तिच्या सासऱ्यांच्या बैठकीतले, तो मार्ग बंदच होता.

मग प्रशासकीय सोयीसाठी विभागाचा वार बुधवार झाला. बुधवारी कोणती सून नारळ घेऊन निघणार? व्हरांडा रिकामा पडला. मी चौकशीला गेलो, तेव्हा बाई मान खाली घालून म्हणाल्या, "ज्या बाया आल्या नाई, त्याईले लक्षणं नाई असंच धरून राहिलो, काका. वरूनच तसं सांगतलं."

माझे आयुष्य न्यायालयाच्या लिपिकीत गेले. गैरहजर पक्षकाराचा दावा फेटाळला जातो, हे मी जाणतो. पण त्यामुळे त्याची जखम भरली, असे कोणत्याही न्यायाधीशाने लिहिलेले मी पाहिले नाही. हेच मी जिल्हा आरोग्य कार्यालयाला कळवले, आणि भाषा मुळीच मवाळ ठेवली नाही. उत्तर आले: अर्जदार स्वतः रुग्ण नसल्याने तक्रार ग्राह्य नाही, बाधित व्यक्तीने नावानिशी अर्ज करावा. शेवटी, रुग्णांची लक्षणे घटल्याबद्दल समाधानही व्यक्त केले होते.

पुढच्या शनिवारी गाडीत मी तिला विचारले, अर्जावर नाव देशील का? गुप्तता राखण्याचे बंधन कायद्यानेच कार्यालयावर आहे, असेही सांगितले.

"घरी कळलं तं मलेच रोगी म्हणून माहेरी आणून टाकतीन, काका. तुमच्या जावयाले कोणी काई म्हणत नाई."

दवाखान्याच्या फाटकाशी मी सवयीने वेग कमी केला. पदराआड तिने ओटीपोट दाबून धरले होते.

"चाला काका," ती म्हणाली. "आज इथं थांबून काय करता?"