ओढ्यावरची बर्फाची लादी

पौषातला एक रविवार. खर्च नऊशे तीस रुपये. हजर मी आणि बायको. साडेआठशे कृष्णधवल फिल्मच्या रोलचे, ऐंशी बर्फाच्या लादीच्या तुकड्याचे. वाहत्या पाण्यातल्या बर्फाचा फोटो मला बरीच वर्षे काढायचा होता. आमच्याकडे थंडी पडते, पण पाणी गोठत नाही. म्हणून मुरबाडच्या बाजारात मासेवाल्यांना बर्फ पुरवणाऱ्याकडून तुकडा घेतला, गोणपाटात गुंडाळला आणि स्कूटरवरून सिद्धगडाच्या पायथ्याचा ओढा गाठला.

तिथे दहा-बारा माणसे कामाला लागलेली. पावसाळ्यानंतर ओढा बारीक झाला की गाव मातीच्या गोण्या रचून पाणी अडवते. बंधारा जवळजवळ पुरा झाला होता. मधे हातभर वाट उरली होती, आणि मला हवे असलेले पाणी तेवढ्याच वाटेने वाहत होते.

एक मावशी गोणी टेकवून पुढे आली. "दादा, बरफ आनलात, मासं कुठं इसरलात?"

सगळे हसले. मी फोटोचे सांगितले आणि वाट थोडा वेळ उघडी ठेवाल का, असे विचारले. तिने काठावरच्या आपल्या भेंडीकडे हात केला. पानांनी माना टाकल्या होत्या. "पानी चढल्याबिगर पंपाचा पाइप टेकत नाय. दोन दिस कोरडी हाय ती."

मी गोणपाट पुन्हा गुंडाळू लागलो.

"आता गुंडाळता कशाला? बरफ काय उद्यापतूर ऱ्हातोय? काढा फोटू. तवर आमी चा पितो."

"मावशे, भेंडीला पन फोटूच पाज," मागून कोणीतरी म्हणाले.

"तू आदी गोनी उचल नीट, मग बोल."

लादी त्या वाटेतल्या दगडावर ठेवली. उन्हात ती पांढऱ्या पाण्यातच हरवत होती. बायकोने गोणपाट आडवे धरून सावली केली, तेव्हा कुठे कडा उठून दिसल्या. मी घाईघाईत आठ फोटो काढले. लोकांचा चहा केव्हाच संपला होता, पण एकानेही हाक मारली नाही. रोल धुतल्यावर त्या आठांतला एक फोटो मनासारखा निघाला. तो त्या माणसांनी थांबून दिलेला आहे, असेच मी मानतो.

मग आम्हीही गोण्या उचलल्या. वाट बुजली. पाणी चढायला वेळ लागला, पण दुपारी पाइप टेकला आणि भेंडीच्या सरीत पाणी शिरले. या कामाला मजुरी नसते. शेवटी नारळ फोडतात आणि गोणी उचलणाऱ्याला वाटा मिळतो. मावशीने आम्हा दोघांच्या हातावर खोबऱ्याचा एकेक तुकडा आणि गुळाचा खडा ठेवला, बाकीच्यांना दिला तेवढाच.