तिसरं टोक

मुलगी शिकारीला जाते हे मला बायकोकडून कळलं. आम्ही अमेरिकेत, बेलव्ह्यूला राहतो. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि गेल्या वर्षी डोंगरांपलीकडच्या एका लहान गावात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. तिथे एका सत्तरीच्या माणसाच्या घरामागच्या दोन खोल्यांत ती भाड्याने राहते. हा घरमालक एकटा, ट्रकदुरुस्ती करून रिटायर झालेला. त्यानेच तिला बंदूक धरायला शिकवली, शिकारीचा कोर्स करायला लावला, लायसन्स काढायला पाठवलं. बायकोला हे सगळं दोन महिन्यांपासून ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी मुलीचा मला फोन आला.

"बाबा, तू रिसर्च मस्त करतोस. मला स्पॉटिंग स्कोप घ्यायचाय. म्हणजे ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण, एका डोळ्याने बघायची. हरणाच्या शिंगाला टोकं किती ते लांबून मोजावं लागतं. एका साइडला तीन तरी पाहिजेत. दोनवाला मारला तर इल्लीगल आहे."

"हे कोण म्हणतं? तुझा घरमालक?"

"स्टेट म्हणतं, बाबा."

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरचा 'चालतंय' म्हणाला की ते चालत नसणार असं धरूनच मी कामाला बसतो, आणि पंचवीस वर्षांत ही सवय ऑफिसातून घरी कधी आली ते मला कळलंही नाही. सत्तरीचा एकटा माणूस चोविशीतल्या मुलीला सुट्टीच्या दिवशी रानात घेऊन जातो, हे मला चालत नव्हतं. मी बायकोला तसं म्हणालो.

"मग जाऊन बघून ये," ती म्हणाली. "इथे बसून माझं डोकं खाऊ नकोस."

दुर्बिणीचं निमित्त बरं सापडलं होतं. शनिवारी घाट ओलांडून गेलो. घरमालक अंगणात लाकडं रचत होता. हात पुसून त्याने माझा हात हातात घेतला आणि फार वेळ सोडला नाही, तेही मला खटकलं.

"मध्यम आकाराची घ्या," तो म्हणाला. "डोळा लावायचा भाग वर वळलेला असतो ती. ट्रायपॉड मात्र जड घ्या. हायवेवरच्या दुकानात जा, तिथला माणूस दाखवेल."

एवढं ठाम, एवढं झटकन. मी विचारलं, "तुमच्याकडे तर आहे ना एक? मग हिला वेगळी कशाला?"

"माझी म्हातारी झालीय," तो म्हणाला आणि पुन्हा लाकडांकडे वळला. प्रश्न त्याने टाळला, याची मी मनात नोंद केली.

दुकानातल्या दाढीवाल्या माणसाने मुलीला पाहताच विचारलं, "त्यांनीच पाठवलं ना?" आणि कपाटातून जी काढली ती मध्यम आकाराची, वर वळलेल्या डोळ्याची. मी मुलीकडे पाहिलं. तिने वैतागून डोळे वर केले.

"बाबा, प्लीज. इट्स नॉट अ कॉन्स्पिरसी."

त्या माणसाने मला विचारलं, "तुम्ही चष्मा लावता. बघतानाही लावून ठेवणार का?" मला वाटलं, आता चष्मेवाल्यांसाठी खास महागडं काहीतरी काढणार. मी म्हणालो, विचार करून सांगतो. घरी येऊन आठवडाभर तक्ते केले, परीक्षणं वाचली, आणि कधी न ऐकलेल्या कंपनीची, सगळ्यात मोठ्या भिंगाची, साठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण ऑनलाइन मागवली. घरमालकाची आणि दुकानदाराची जोडी मी फोडली, या समाधानात मी होतो. साठ म्हणजे दुकानातल्या तीस पटवालीच्या दुप्पट, एवढा साधा माझा हिशेब.

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी ती घेऊन गेलो. मी बंदुकीला हात लावणार नव्हतो. माझं काम बघायचं. उजाडताना आम्ही तिघं शिकाऱ्यांच्या भडक नारिंगी जाकिटांत एका उतारावर बसलो होतो. समोर दरी, पलीकडे सुकलेलं गवत आणि काटेरी झुडपं. मुलगी पोटावर पडून बंदुकीमागे. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला घरमालक, स्वतःची बंदूक शेजारी ठेवून ओरखडे पडलेल्या जुन्या दुर्बिणीमागे. चढताना तो चारदा थांबला होता. प्रत्येक वेळी त्याने काहीतरी दाखवण्याचा बहाणा केला, एकदा पायांचे ठसे, एकदा लेंड्या. थांबण्यामागे त्याचा काय डाव आहे, हे मी शोधत होतो.

आठच्या सुमाराला पलीकडच्या उतारावर एक हरीण झुडपांतून बाहेर आलं. नर होता. मी चाक फिरवून साठवर नेलं. चित्र अंधारलं, पाण्यात हलल्यासारखं हलायला लागलं, आणि चष्म्यामुळे मला मधलं बटणाएवढं वर्तुळच दिसत होतं. तरी त्या वर्तुळात शिंगं होती.

"कमी करा," घरमालक कुजबुजला. "पंचवीसवर आणा."

मला नीट दिसू नये असंच याला वाटतंय, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. लिहिताना लाज वाटते, पण आला होता. मी श्वास रोखून मोजलं. एक, दोन, आणि मागच्या अंगाला, जरा वाकडं, तिसरं.

"तीन," मी म्हणालो.

"दोन," घरमालक म्हणाला.

"मला तीन दिसतायत. स्पष्ट." स्पष्ट काहीच दिसत नव्हतं.

"तिसरी मागच्या झुडपाची काटकी आहे. थांब, पोरी."

मला राग आला. मुलीच्या बापाला हा तिच्याचसमोर खोटं पाडतोय. कदाचित हरीण त्याला स्वतःलाच हवं असेल. मी मराठीत, त्याला कळू नये म्हणून, म्हणालो, "तीन आहेत गं. मी सांगतोय ना."

हरणाने मान उचलली आणि दोन पावलं पुढे टाकली. शिंगं त्याच्याबरोबर पुढे गेली. तिसरं टोक होतं तिथेच राहिलं.

मी दुर्बिणीतून डोळा काढला. मुलीचं बोट ट्रिगरपासून लांब, बंदुकीच्या अंगाला सरळ टेकलेलं होतं. गोळी चुकून सुटू नये म्हणूनची सेफ्टीची कळ लावलेलीच होती, ती तिने काढलीच नव्हती.

"तू कुणाचं ऐकलंस?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही. मला बंदुकीवरच्या स्कोपमधून काउंट करता येत नव्हतं." तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "आणि बाबा, डोन्ट डू दॅट. ते समोर असताना मराठीत नको बोलू."

घरमालकाने स्वतःची दुर्बीण माझ्याकडे सरकवली. ट्रायपॉड एवढा जड होता की वाऱ्यात चित्र हललं नाही. लहान चित्र, पण उजळ. झुडपाची ती काटकी होती, तिला दोन वाळकी पानंही होती. ती पानं मला माझ्या दुर्बिणीतून दिसली नव्हती.

खाली उतरताना तो पुन्हा थांबला, या वेळी काही दाखवण्याचा बहाणा न करता. एका दगडावर बसून गुडघा चोळत म्हणाला, "तरुणपणी मी एक दोनवाला मारला. माझ्या मित्राने तीन म्हणून सांगितलं होतं. मीच वनखात्याच्या माणसाला फोन केला. त्या मित्राशी पुढे फारसं बोलणं राहिलं नाही." जरा थांबून त्याने मुलीकडे मान हलवली. ती पुढे निघून गेली होती. "पुढच्या वर्षी मला वर चढता येणार नाही. ती एकटी आली तर तिच्याकडे चांगली दुर्बीण असावी, एवढंच. तिला सांगू नका. ती मग माझ्यासाठी थांबत बसेल."

हे खरं की रचलेलं, असा प्रश्न माझ्या मनात आलाच. पण त्याचा गुडघा पँटीतूनही सुजलेला दिसत होता. मी त्याची बंदूक उचलायला हात पुढे केला. आधी त्याने ती रिकामी असल्याचं उघडून दाखवलं, मग माझ्या हातात दिली.

त्याच दुपारी मी एकटा हायवेवरच्या दुकानात गेलो. मी मागितलं तसं दाढीवाल्याने आधी दाखवलेल्याच दुर्बिणीचे दोन नग बाहेर नेऊन ट्रायपॉडवर लावले, एक खोक्यातला कोरा आणि एक कपाटात मांडलेला. मी चष्मा लावून पाहिलं, आणि पूर्ण वर्तुळ दिसलं. लांबच्या धान्याच्या कोठीवरची पाटी दोन्हींतून वाचली. पुन्हा वाचली. मग नगांची अदलाबदल करून वाचली. कोऱ्या नगात अक्षरांच्या कडा किंचित पसरत होत्या, मांडलेल्यात नव्हत्या. मी मांडलेला मागितला.

"बहुतेक लोक कोराच नेतात," तो म्हणाला, आणि स्वतः वाकून दोन्हींतून पाहिलं. "बरोबर आहे तुमचं. हा परत पाठवतो." त्या दिवसांत माझा संशय एवढा एकदाच खरा ठरला.

पुढच्या शनिवारी घरमालक घरीच राहिला. कारण त्याने सर्दीचं सांगितलं. मुलीने ते मानलं की मानल्याचं दाखवलं, हे मी विचारलं नाही. आम्ही दोघंच चढलो.

दहा वाजून गेल्यावर दरीच्या वरच्या अंगाला एक नर दिसला. मी पंचवीसवरच ठेवलं. मोजलं. शिंगामागे काय काय आहे ते पाहिलं. तो हलेपर्यंत थांबलो. हलला. पुन्हा मोजलं. तो थांबला, मी तिसऱ्यांदा मोजलं. मुलीने एकदाही घाई केली नाही.

"डावीकडे तीन. उजवीकडे चार. पण तू बघ."

ती सरकून माझ्या जागी आली, बराच वेळ पाहिलं, आणि परत बंदुकीमागे गेली. "थ्री," ती म्हणाली. "ओके."

मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. तसं करायची गरज नव्हती. त्याच्या कानाच्या आत पांढरे केस होते. कान आमच्या दिशेला वळला, तोंडातलं गवत चघळायचं थांबलं. आवाज झाला. तो पुढच्या गुडघ्यांवर आला, आणि मग आडवा झाला, आणि वर्तुळात फक्त गवत राहिलं.

"बाबा, नीट लागलं का? ही इज डाउन? हलतोय का?"

मी बघत राहिलो. गवत हलत होतं, पण वाऱ्याने. ते नक्की वाऱ्यानेच हलतंय याची खात्री होईपर्यंत मी तिला उत्तर दिलं नाही. मग तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत होती, आणि मीही.