हॉस्टेलसाठी नापास

बारावीचा निकाल लागला आणि एरंडोलच्या स्टँडसमोर माझा फोटो लागला. क्लासच्या सरांनी गुणवंतांचा फ्लेक्स लावला होता, त्यात मी वरच्या रांगेत. मला इतकं गोरं केलं होतं की सख्ख्या आईनं आधी शेजारच्या मुलीवर बोट ठेवलं. तरी येणारी-जाणारी एस.टी. मला बघून पुढे जायची, याचं मला केवढं कौतुक!

अशा या विदुषीला जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. लगेच कॉलेजनं कळवलं, वर्ग सुरू होण्याआधी या आणि प्लेसमेंट टेस्ट द्या. दहावी दिली, बारावी दिली, सीईटी दिली, तरी या लोकांचं पोट काही भरत नाही. यात म्हणे पास-नापास नव्हतंच. फक्त गणित आणि इंग्रजी तपासायचं आणि कुणाला कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवायचं. ज्यांचं इंग्रजी कच्चं त्यांना पहिल्या सत्रभर जादा वर्ग, नाव ब्रिज कोर्स. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कोणताही विद्यार्थी कमी नसतो.' म्हणजे कोण कमी ते परीक्षा घेऊन शोधणार, आणि मग त्याला सांगणार की तू कमी नाहीस.

धुळ्याची माझी मामेबहीण त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. धुळं लांब, म्हणून ती हॉस्टेलवर राहायची. तिचे फोन ऐकून माझा जीव जळायचा. संध्याकाळी तलावावर फिरायला जायचं, खोलीवर मॅगी करायची, आणि कुठे चाललीस, कधी येणार, सोबत कोण, असं विचारणारं कुणी नाही! एरंडोल पडलं जळगावच्या बगलेत. आमच्या गल्लीतली सगळी पोरं रोज येऊन-जाऊन शिकलेली. मी पण तशीच शिकणार हे सगळे धरूनच चालले होते, आणि माझ्या मनात मात्र हॉस्टेल सोडून दुसरं काही नव्हतं.

"मग टेस्टमध्ये इंग्रजीत आपट ना," ती म्हणाली. "ब्रिज कोर्स सकाळी सातला असतो. बाहेरगावच्या मुलींना सर स्वतः सांगतात, हॉस्टेल घ्या म्हणून."

आता कुणी म्हणेल, घरी सरळ विचारायचं. त्या माणसाला आमच्या घराची रीत माहीत नाही. आमच्याकडे सरळ कुणी काही मागत नाही. आईला साडी हवी असली की ती जेवताना शेजारणीच्या साडीचं वर्णन करते, आणि ते वडिलांच्या डोक्यात शिरेपर्यंत रोज करते. आम्ही वडिलांना भाऊ म्हणतो. भाऊंची पिठाची गिरणी आहे. त्यांना उसळ नको असली तर तेही तसं म्हणत नाहीत, 'आज भूक जरा कमीच आहे' म्हणतात. अशा घरात मी उठून 'मला हॉस्टेलला राहायचं आहे' म्हणणार? छे! ते सरांच्या तोंडून आलं म्हणजे कसं, माझ्यावर काही येत नाही.

तर मी नापास होण्याचा अभ्यास सुरू केला. हसू नका, त्यालाही डोकं लागतं. गणित चांगलं सोडवायचं, नाहीतर संशय येईल. इंग्रजीत चुका करायच्या, पण अगदीच गाढवासारख्या नाही. बोर्डात इंग्रजीत एवढे गुण घेतलेली मुलगी मी, मला माझी पातळी खाली आणायला केवढी मेहनत घ्यावी लागणार, याची मला खरंच काळजी वाटत होती.

टेस्टच्या दिवशी भाऊ गिरणी बंद ठेवून सोबत आले. कानामागे पीठ तसंच. गणित झालं. मग इंग्रजीसाठी आम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवून कानाला हेडफोन लावले. एक बाई आणि एक माणूस बोलायला लागले. तोंडात गरम भजं घेऊन बोलावं तसे. मी वाट बघत होते, की आता इंग्रजी सुरू होईल आणि मग मी चुका करीन. तेवढ्यात संवाद संपला आणि पडद्यावर प्रश्न आला, त्या माणसानं बेत का बदलला?

आता मला काय ठाऊक त्यानं का बदलला! मला त्याचा बेतच कळला नव्हता.

तेव्हा माझं टाळकं सटकलं. नापास व्हायचं ते मी माझ्या मर्जीनं होणार, हा भजंवाला कोण मला नापास करणार? हॉस्टेल गेलं खड्ड्यात, मी कान टवकारून जीव तोडून ऐकायला लागले. दुसरा संवाद आला, गेला. तिसरा आला, गेला. शेवटी निबंध होता, तुम्ही स्वतः घेतलेला एखादा निर्णय. बोर्डाला मी दहा निबंध पाठ केले होते, त्यात हा नव्हता. दोन ओळी लिहिल्या आणि पुढचे शब्दच येईनात. ठरवलेल्या चुका करायची वेळच आली नाही. माझ्या हातून ज्या झाल्या त्याच भरपूर होत्या.

दुपारी निकाल लागला. गणितात मी पहिल्या गटात. इंग्रजीत ब्रिज कोर्स. टायवाल्या सरांनी पालकांना हॉलमध्ये बसवून समजावलं, वर्ग सकाळी सातचा, त्या वेळेला एस.टी.चा भरवसा नाही, तेव्हा बाहेरगावच्या मुलींनी हॉस्टेल घेतलेलं बरं. मामेबहीण म्हणाली होती अगदी तस्संच! मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी हात वर केला.

"सातला म्हणजे सातलाच ना, सर?"

"हो, सातला."

"मग काही अडचण नही. मी सोडी देसू मोटरसायकलवर. आठला मन्ही गिरणी उघडस."

सर म्हणाले, असे पालक पाहिजेत. सगळा हॉल भाऊंकडे कौतुकानं बघत होता, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. भाऊंना वाटलं, पोरगी नापास झाली म्हणून रडतेय. हॉस्टेल गेलं म्हणून रडत होते की खरंच आपटले म्हणून, ते माझं मलाच कळत नव्हतं. त्यांनी मला कँटीनमध्ये नेऊन कचोरी खाऊ घातली.

मग रोज पहाटे आमची वरात निघायची. हायवेवर ट्रकांची धूळ, भाऊंच्या डोक्याला मफलर, मागे मी आणि माझं फुगलेलं तोंड. भाऊ एका शब्दानं कुरकुरले नाहीत, त्यामुळे मला आणखीच राग यायचा. एखाद्या दिवशी तरी माणसानं कंटाळा करावा की नाही! थंडी पडायला लागली तसे ते खोकायला लागले, तरी मी बाहेर येईपर्यंत गाडी पुसून तयार.

एका सकाळी रस्त्यात खोकल्याची उबळ आली, म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली. खोकून झाल्यावर मला विचारलं, "तुले थंडी लागस का?" तेव्हा मला राहवलं नाही. आमच्या घराण्यात बहुधा पहिल्यांदाच कुणी काही सरळ बोललं.

"भाऊ, मला हॉस्टेलला राहायचं होतं."

भाऊंनी कानावरचा मफलर सरकवला. "मग सांगनं व्हतं ना! मी काय नही म्हननार व्हतू? त्यानासाठे नापास व्हयनी का तू?"

हो म्हटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती. फ्लेक्सवरची हुशार मुलगी, हॉस्टेलसाठी मुद्दाम आपटली. भाऊ हसले असते आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मला खरंच येत नाही, भाऊ. तिथं काय बोलतात ते अजूनही निम्मं कळत नाही मला."

त्यांनी मफलर काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळला आणि गाडीला किक मारली.

"येत नही म्हनीसनच तं शिकाले जाई ऱ्हायनूत ना आपण," ते म्हणाले. "बस लवकर, सात वाजतील."