पाच पायांची घोडी आणि कंट्रोल झेड

किस्से गोळा करायला मला कधी कुठे जावं लागलं नाही. शहाद्याला आमचं ग्राफिक्सचं दुकान आहे, आणि मशीनखाली फ्लेक्सची कातरणं साठतात तसे हे किस्से साठतात. सकाळी झाडून काढावेत, संध्याकाळी पुन्हा तेवढेच!

लोक म्हणतात, "ताई, इतकी वर्षं वर्ड, एक्सेल, कोरल, फोटोशॉप करता, आम्हाला दोन-चार टिपा द्या की." देते ना! पण माझी एकही टीप पुस्तकातली नाही. प्रत्येक टिपेमागे एक माणूस आहे आणि त्यानं माझं डोकं खाल्लेलं आहे. टीप हवी असेल तर माणूसही घ्यावा लागेल.

दुकानात आम्ही दोघं. डिझाइन मी करते, मशीन रफिकभाई चालवतात. तिसरे निंबाआप्पा. ते आमच्याकडे कामाला नाहीत, पण या हिवाळ्यात बाकड्यावर त्यांची जागा ठरलेली होती. त्यांच्याकडे येतेच.

*

रफिकभाई पूर्वी हातानं पाट्या रंगवायचे. निम्म्या बाजारपेठेवर त्यांची अक्षरं होती. फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेला.

मी त्यांना पहिल्यांदा कंट्रोल झेड दाखवलं, तेव्हा ते कितीतरी वेळ तेच करत बसले. एक गोल काढायचा, पुसायचा. पुन्हा काढायचा, पुन्हा पुसायचा. शेवटी म्हणाले, "ब्रशले हाई बटन ऱ्हातं ना ताई, तं मन्हा निम्मा केस काया ऱ्हाता!"

पुढच्याच आठवड्यात एका उद्घाटनाचं बॅनर कापताना त्यांचं कटर सटकलं ते थेट प्रमुख पाहुण्यांच्या मानेतून. आतून आरोळी आली, "ताई, कंट्रोल झेड मारो! जल्दी!"

आणि मी मारलं की हो! बोट आपोआप गेलं. पाहुण्यांची मान होती तिथेच, म्हणजे दोन तुकड्यांत. तर टीप अशी, की अन्डू पडद्यावरच चालतं. छापलेल्याला, कापलेल्याला आणि बोललेल्याला चालत नाही. म्हणून मोठा बदल करायच्या आधी फाइल वेगळ्या नावानं सेव्ह करून ठेवा.

*

एकदा एका मास्तरांच्या श्रद्धांजलीचं बॅनर होतं. भाच्यानं डिझाइन बाहेरून करून आणलं होतं, पेन ड्राइव्हमध्ये. मी तेव्हा बाहेर होते. रफिकभाईंनी फाइल उघडली आणि छापली. त्या डिझाइनचा मराठी फॉन्ट आमच्या कॉम्प्युटरवर नव्हताच, त्यामुळे सगळ्या श्रद्धांजलीचं एबीसीडी, कंस, टक्के आणि डॉलर झालेलं!

मी आले तर नातेवाईक बॅनरसमोर हात जोडून उभे. मी घाबरले. म्हटलं, "थांबा, लगेच दुसरं छापून देते."

मास्तरांचे थोरले भाऊ मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे ताई. मन्हा भाऊ शिकेल व्हता. इंग्रजीमा शोभस!"

दहा दिवस ते बॅनर चौकात होतं. कुणी हरकत घेतली नाही. तुम्ही मात्र फाइल बाहेर छापायला देताना अक्षरांचं कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षर चित्र बनतं आणि कुठल्याही मशीनवर तसंच राहतं. प्रत्येकाचा भाऊ इतका शिकलेला नसतो.

*

आता निंबाआप्पा. सारंगखेड्याजवळच्या एका गावचे. डोक्यावर पांढरी टोपी, एक गुडघा कामातून गेलेला. पहिल्यांदा आले ते बाकड्यावर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, बॅनर करनं शे. घोडी इकनी शे. असं पोऱ्या म्हनतस."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"घोडी मन्ही शे. मत त्यासनं शे."

मुलं वाईट नव्हती हो. आप्पांना आता घोडीवर बसता येईना, तिचा दाणापाणी, खरारा सगळा सुनेच्या गळ्यात आलेला. मुलांनी ठरवलं, यंदा सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या जत्रेतल्या घोडेबाजारात ती द्यायची. घोडीचं नाव लाडी. काळीभोर, कपाळावर पांढरा पट्टा, चारही पाय पांढरे. पंचकल्याणी म्हणतात तशी. आप्पा तिच्याबद्दल बोलायला लागले की गुडघा विसरून उभे राहायचे.

थोरल्या मुलानं फोटो पाठवला होता, आणि सोबत निरोप, 'फक्त घोडी ठेवा, आप्पा काढून टाका.' आता फोटोशॉपमध्ये एक सोय आहे. एक बटण दाबलं की मुख्य वस्तू आपोआप निवडली जाते, मागचं सगळं गळून पडतं. मी दाबलं. मागचं झाड गेलं, गोठा गेला, मोटरसायकल गेली. आप्पा आणि लाडी मात्र राहिले. आप्पांचा हात तिच्या मानेवर होता, त्यामुळे मशीनला दोघं मिळून एकच जनावर वाटलं!

शेवटी पेन टूल घेऊन कडेकडेनं आप्पांना कापून काढलं. सोयीचं बटण घाईच्या कामाला ठीक, नाजूक कामाला पेन टूलच लागतं. पण हात तेवढा राहिला. मानेवर नुसता एक हात, पुढे माणूसच नाही. मी तो पुसायला गेले तर आप्पा म्हणाले, "हात ऱ्हाऊ दे, ताई. तिले सवय शे."

मी हात ठेवला.

*

पण आप्पांच्या करेक्शन्स! पट्टा अजून पांढरा करा. शेपटी वाऱ्यावर घ्या. डोळ्यात पाणी दिसतंय, ते काढा. मग, नाही नाही, राहू द्या. रोज एसटीनं यायचे, एक करेक्शन सांगायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. फाइलींची नावं अशी झाली: लाडी फायनल, लाडी नवीन फायनल, लाडी खरंच फायनल, लाडी आता पुरे. तुम्ही असं करू नका. नावात तारीख टाका, म्हणजे अशी धांदल होत नाही.

एक दिवस म्हणाले, मागचा एक पाय मूळ फोटोतच गवतात बुडालाय, गिऱ्हाइकाला पांढरं दिसणार नाही. बरोबर होतं. मी क्लोन टूल घेतलं, दुसऱ्या पायावरून पाय उचलला आणि शेजारी उमटवला. तेवढ्यात कुणीतरी लग्नपत्रिका घेऊन आलं, मी उठले. परत येऊन बसले आणि पाय पुन्हा उमटवला. नमुना काढून आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. मग इतके खूश झाले की विचारू नका! "ताई, पाच पाय! मंग इकानी कसाले? तंबू ठोकू नी तिकीट लाऊ!"

रफिकभाई मशीन बंद करून हसत बसले. क्लोन नेहमी वेगळ्या लेयरवर करावं, म्हणजे चुकलं तर तेवढाच लेयर उडवता येतो. मी जादा पायाचा लेयर उडवला. आप्पा मात्र तो नमुना घडी घालून घरी घेऊन गेले.

*

लेयर म्हणजे काय, हे मी कॉम्प्युटर क्लासच्या मुलींना तासभर शिकवते. आप्पांना ते बसल्याबसल्या कळलं.

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर होतं. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्या रांगेत दोन चुलतभाऊ, दोघांत बांधाचं भांडण. थोरला म्हणाला, माझ्या गल्लीतल्या बॅनरवर तो दिसायला नको. धाकटा म्हणाला, त्याच्या गल्लीत मला काय करायचंय, माझ्या गल्लीत तो नको. मी दोन फाइली करत नाही. प्रत्येक फोटो आपल्या लेयरवर असतो आणि लेयरशेजारी एक छोटा डोळा असतो. डोळ्यावर क्लिक केलं की लेयर दिसेनासा होतो. पुसला जात नाही, जागेवरच असतो, नुसता दिसत नाही.

मी थोरल्यासमोर धाकट्याचा डोळा बंद केला. तो वाकून पडद्याजवळ गेला. "कथा गया तो?"

"आहे तिथेच. डोळा बंद केलाय."

तो म्हणाला, "घरमा बी हाई बटन जोयजे व्हतं!"

बाकड्यावरून आप्पांनी विचारलं, "ताई, डोया बंद करा तरी तो ऱ्हास?"

"राहतो, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. मी लक्ष दिलं नाही.

*

एका पतपेढीचा क्लार्क सभेची यादी करायला आमच्याकडे आला होता. एक्सेलमध्ये सगळ्या सभासदांसमोर ऑफिसचा एकच मोबाइल नंबर टाकायचा होता. त्यानं पुढे '+91 ' लावून तो चुकून सभासदांच्याच नंबरांच्या रकान्यात, वरच्या चौकटीत टाकला, कोपरा धरला आणि सरळ खाली ओढला. प्रत्येक ओळीला शेवटचा आकडा एकेकानं वाढत गेला! असं झालं की ओढल्यानंतर कोपऱ्यात येणाऱ्या छोट्या खुणेवर क्लिक करून 'कॉपी सेल्स' निवडायचं. त्याला कुठलं माहीत!

मग त्या यादीवरून सभेचे मेसेज गेले, सगळे परक्या माणसांना. सभासद एकही आला नाही. एक गृहस्थ मात्र लांबच्या गावाहून वेळेवर हजर! कुणाच्या ओळखीचे नाहीत. सभा झाली, त्यांनी एका ठरावाला अनुमोदन दिलं, जेवले आणि जाताना म्हणाले, "पुढच्या वेळेलाही बोलवा."

हे मी सांगितलं तेव्हा सगळे हसले, आप्पा हसले नाहीत. लाडीच्या बॅनरवर थोरल्या मुलाचा नंबर होता. जरा वेळानं ते हळूच म्हणाले, "ताई, आपला नंबर बी एक घर खाले ओढ ना."

मी चिडले. म्हटलं, "आप्पा, खोटा नंबर मी छापणार नाही. दुकानाचं नाव आहे खाली!"

ते उठून संध्याकाळच्या गाडीला गेले. दुसऱ्या दिवशी करेक्शन सांगायला आले नाहीत. बाकडं रिकामं बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

*

जत्रेच्या आदल्या दिवशी थोरला मुलगा स्वतः आला, आप्पांना घेऊन. घाईत होता, टेम्पो बाहेर उभा. पडद्यावरचा नंबर एकेक आकडा वाचला, माझ्या मोबाइलवरून लावून बघितला. त्याच्या खिशात वाजला. म्हणाला, "बराबर शे ताई, छापी टाका. जत्रामा आप्पा बठतीन, माले उसना पानीनी पाळीले जानं शे. फोन उना का मी येस." आणि टेम्पोत दोर ठेवायला गेला.

आप्पा माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. गुडघ्यावर हात. पडद्याकडे बघत होते.

"ताई, त्या नंबरना बी डोया ऱ्हास का?"

"सगळ्याच लेयरला असतो."

"मंग नंबर ऱ्हाऊ दे. खोटं नको काही. डोया बंद कर."

मी रफिकभाईंकडे बघितलं. रफिकभाईंनी मशीनवर कोरा फ्लेक्स चढवला आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बॅनर छापून झालं, आम्ही ते गुंडाळी करून दिलं. थोरल्यानं ते तसंच टेम्पोत टाकलं.

जत्रा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी थोरल्याचा मला फोन. "ताई, एक बी फोन नही! घोडासले मंदी शे का औंदा?"

"मंदी आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी मी आणि रफिकभाई सारंगखेड्याला गेलो. घोड्यांच्या रांगेत आमचं बॅनर लांबूनच ओळखू आलं. काळीभोर लाडी, चार पांढरे पाय, मानेवर एक हात आणि वर हे एवढं मोठं: 'घोडी विकणे आहे'. खाली नंबरच्या जागी नुसता कोरा पिवळा पट्टा. त्याच्याखाली खरी लाडी आणि खरे आप्पा, हात तिच्या मानेवर.

पुण्याकडचे एक गृहस्थ घोडीभोवती दोन चकरा मारून आले. दात बघितले, पाय बघितले, एकदम खूश. "बाबा, ही घोडी कुणाची?"

"बॅनर वाची ले ना, भाऊ," आप्पा म्हणाले.

"वाचलं. नंबरच नाही त्यावर."

आप्पांनी मान वर केली, बॅनर वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, आणि लाडीच्या मानेवरून हात न काढता म्हणाले, "खरंच की! मंग बठ जराखा. मी बी त्या नंबरनीच वाट देखी ऱ्हायनू."